पट्ट्याचं टोक

९ जानेवारी, गुरुवार

आन वरून हे मलाच म्हणतात, "आवाज कमी कर, बाहेर रूपा ऐकल." ऐकू दे की! माझं घर, माझा गळा. माझ्या लेकीच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला, त्या खिळ्याला कोण्या शिपायाचा मळका झोळा टांगला, आन मी तोंड उघडायचं नाय? फोटो ठेवला पेटीवर, तो पण उलटा. "उलटा ठेवलाय," म्हणले तर म्हणतात, "असं का? ध्यानात नाय आलं."

तीसच्या वर पिशव्या झाल्या घरात. पाठीवरचे पिट्ठू, लांबट गोल किटबॅगा, नकाशाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटलीची कव्हरं. सगळं मिलिटरीनं टाकून दिलेलं, जुनं. दर गुरुवारी छावणीच्या बाजारात बन्सी भंगारवाला ह्यांच्यासाठी राखून ठेवतो. लोकं त्या बाजारातून शेळी आणतात, भाजी आणतात. माझा नवरा मेलेल्यांच्या झोळ्या आणतो. विकत पण नाय. धुतो, शिवतो, मेण लावतो, टांगतो, आन हात फिरवत बसतो.

एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं सीटा शिवल्या ह्यांनी. पुंडलिक मिस्त्रीची टीप म्हणजे दोरी लावून मारलेली रेघ, असं लोकं म्हणायचे. रिटायर झाल्यावर मला वाटलं आता दोघं मिळून काय तरी करू, माझी फॉल-पिकोची मशीन आहेच. तर हे खूळ निघालं. पहिली पिशवी आणली तवा मी तोंडावर बोलले, "असल्या पिशव्यांना मी हात लावणार नाय. मेले तरी नाय." तर आता सहा महिने झाले, ही रूपा येते हात लावायला. गुलमंडीत दोऱ्याच्या दुकानात कामाला आहे. दुपारी दुकान बंद झालं की स्कूटी घेऊन भावसिंगपुऱ्यात, आमच्या दारात. नवऱ्याला सोडलेली. नवऱ्यानं नाय, तिनं सोडलं, हे स्वतःच सांगते, जसं काय बक्षीस मिळालं. ह्यांना काका म्हणते आन मला काकू. चाळिशीची बाई!

हे लिहायचं अमृतानं सांगितलं. माझी लेक, पुण्याला असते. फोनवर तासभर ऐकलं आन म्हणली, "आई, रोज मला सांगू नको. वहीत लिही, डोकं थंड होईल." खताच्या दुकानाची गेल्या सालची डायरी पडली होती, तारखा खोडून लिहिते. डोकं काय थंड झालं नाय.

१० जानेवारी, शुक्रवार

काल लिहिलेलं बघितलं. काय ते अक्षर, कोंबडी चालल्यावानी. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले. देवगाव रंगारीला बापाचे डोळे गेले, काचबिंदू म्हणले. मग भावांना शाळा आन मला बापाच्या काठीचं टोक. आठ वर्षं. शेताला, बाजाराला, परसाकडला सुद्धा. "पायरी", "दगड", "नाली", "ढोर आलं", दिवसभर एवढंच बोलायचं. माझ्या वयाच्या पोरी पाटीवर कविता लिहीत होत्या. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ह्यांना सांगून टाकलं, विहीर खांदायला सांगा, खांदते. पण आता जन्मात कोणाची काठी धरणार नाय. हे हसले. म्हणले, "बरं. मी तुला धरायला लावणार नाय." बाकी काय म्हणा, एवढा शब्द मात्र पाळला ह्यांनी.

आकडे मला चांगले येतात, पावत्या लिहून लिहून. आन कुठं काय छापलेलं दिसलं की उतरून काढायची सवय लावून घेतलीय. गॅसच्या टाकीवरचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं. अर्थ कळो न कळो, हात वळतो.

१४ जानेवारी, संक्रांत

काळी साडी नेसले, अमृतानं दिवाळीला दिलेली. ह्यांच्या म्होरं जाऊन उभी राहिले. "कशी दिसते?"

"निळी शोभते तुला," म्हणले.

काळी साडी! संक्रांतीला निळी कोण नेसतं? बायको कोणत्या रंगात उभी आहे एवढं बघायची पण ह्यांना सवड नाय. पिशवीवरनं मात्र हात फिरवून सांगतात, हे कापड जुनं, हा पट्टा मागून लावलेला.

रूपा आली तिळगूळ घेऊन. "काकू, आता गोड बोला."

"मी खरं बोलते. ते गोड लागतंय का बघ."

हसली. तिला राग येत नाय, हा अजून एक ताप. मग माझ्या मागं स्वयंपाकघरात आली आन हळूच म्हणली, "काकू, काकांचं जरा..."

"काय जरा?"

"नाय, त्यांनीच सांगायला पाहिजे. तुम्ही विचारून बघा ना त्यांना."

"माझ्या नवऱ्याला काय विचारायचं ते तू शिकवणार मला?"

जाताना रोजच्यासारख्या वीस सुया ओवल्या तिनं, मेणाचा दोरा घालून, आन उशीत ओळीनं खोचून ठेवल्या. ती गेल्यावर हे त्यातली एकेक काढून शिवतात. छत्तीस वर्षं स्वतःची सुई स्वतः ओवली ह्या माणसानं. आता बाईच्या हातची ओवलेली लागते. नुसते लाड! मला म्हणले असते तर मी चाळीस ओवल्या असत्या.

नाय, नसत्या ओवल्या. पण म्हणायला काय झालं होतं?

१८ जानेवारी, शनिवार

ह्यांची रीत सांगते, देवपूजेला नसल एवढं सोवळं. पिशवी थंड रिठ्याच्या पाण्यात दोन दिवस ठेवायची. घासायची नाय, पिळायची नाय, सावलीत वाळवायची. जुनं ठिगळ असलं तर ते लगेच उसवायचं नाय. कोणी लावलं, का लावलं, ते आधी बघायचं. आन शिवायचं ते जुन्याच भोकातून. नवीन भोक पाडलं की कापड तिथून फाटतं. हे आधी अंगठ्यानं भोक चाचपतात, मग सुई घालतात. रूपा बाकड्यावर ह्यांच्या उजव्या हाताला बसते आन म्हणते, "थोडं डावीकडं, काका. हां. बरोबर." मी फॉल लावता लावता दारातून सगळं बघते. रूपाची टीप सरळ पडते, खोटं कशाला बोलू. ह्यांची वाकडी पडायला लागली. शेजारी बाई बसवल्यावर टीप वाकडीच जाणार.

सध्या एका पिट्ठूवर दोघांचा लई जीव आहे. रूपानं त्याचा फोटो फोनवर कुठं कुठं पाठवला, तर वैजापूरच्या गीताबाई म्हणून कोणाचा फोन आला. पिट्ठू तिच्या मेलेल्या बापाचा असंल म्हणे. सव्वीस तारखेला बघायला येणार. पुढं काय कुजबुजले ते कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाय. एवढंच कळलं की पंचवीसला रूपा दिवसभर येणार.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी हे रूपाच्या स्कूटीवर मागं बसून गेले. मागं बसून! घाटी दवाखान्यात कोणी जुना दोस्त दाखल आहे, त्याला भेटायचं म्हणे. मी म्हणले मी पण येते, तर म्हणतात, "तू कशाला, तिथं लाईनी असतात." दोस्ताला भेटायला कसली लाईन?

गल्लीच्या तोंडाला आमची शेजारीण पारूबाई उभी होती. म्हणली, "आवडाबाई, मिस्त्री तर जवान झाले." मी घरात येऊन दार लावलं.

मग करूनच दाखवलं. पिट्ठू काढला, चुलीवर पाणी कढवलं, धुण्याचा सोडा मूठभर घातला. झाकणाच्या आत निळ्या दोऱ्याचं एक बेढब ठिगळ होतं, ते ब्लेडनं दोन मिनिटात उसवलं. कापड चांगलं निघालं म्हून चिंध्यांच्या पिशवीत टाकलं. ठिगळाखाली काळ्या रंगात काय तरी लिहिलेलं. ओल्या हातानंच उतरून घेतलं, सवयीनं:

२८४७१०३

त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं, एक काठी, एक कोयता, एक गोल. म्होरची उडालेली.

मग घासलं. ब्रशनं, खांदा दुखेपर्यंत. असा पांढरा निघाला पिट्ठू, कोऱ्या धोतरासारखा. पिशव्यांना हात लावणार नाय म्हणले होते, तो शब्द आज मोडला. मोडला तर मोडला. त्यांच्या रिठ्यानं महिनाभरात झालं नसतं ते मी एका सकाळी केलं. उद्या रूपा येणार, परवा गीताबाई. मला बघायचंय, मी आन रूपा, दोघींतल्या कोणाच्या कामाला हे चांगलं म्हणतात ते.

२५ जानेवारी, शनिवार

ह्यांनी पिट्ठू मांडीवर घेतला. झाकण उघडून आतून अंगठा फिरवला. एकदा. मग परत.

"ठिगळ कुठंय?"

"काढलं. घाण दिसत होतं."

"आन त्याच्याखाली?"

"काळं काय तरी होतं. घासून काढलं. बघा की कसा लखलखतोय!"

रूपानं तोंडावर हात धरला. तिनं सांगितलं तवा कळलं. ते ठिगळ गीताबाईच्या आईनं लावलेलं. खाली तिच्या बापाचा मिलिटरीतला नंबर असणार होता. बाप वारल्यावर भावानं सगळं सामान भंगारात घातलं, हिला विचारलं पण नाय. बापाची दुसरी एक वस्तू तिच्याकडं नाय. नंबर जुळला तर पिट्ठू तिचा. आज दोघं मिळून ते ठिगळ हळूच सोडवणार होते.

मला कोणी सांगितलं होतं का हे? कोणीच नाय.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. मान खाली घालून रूपाला म्हणले, "जाऊ दे. तिला काय माहीत." तिला! मी तिथं उभी, आन मी "ती".

वही माझी तांदळाच्या डब्यामागं होती. एकदा जरी कोणी म्हणलं असतं, "आवडा, काय लिहिलेलं होतं गं?" तर आणून म्होरं ठेवली असती. कोणी विचारलं नाय. हिला काय वाचता येणार, असं धरूनच चालले दोघं. बसा मग.

२६ जानेवारी, रविवार

गीताबाई आल्या. साठीची बाई, साधी. हातात प्लॅस्टिकच्या फायलीत बापाचं मिलिटरीचं पुस्तक, भावाच्या घरातून मागून आणलेलं. पिट्ठू मांडीवर घेतला आन आत नाक घालून वास घेतला. सोड्याचा वास. दुसरा कसला येणार?

"बाप सुट्टीवर आला की मी ह्याच्यात पाय घालून उभी राहायची," म्हणली. "तो तसाच उचलायचा मला. आता हाच तो का, कसं सांगू?"

हे म्हणले, "ताई, चूक माझी. मीच सोड्यात घातला. मला कळायला पाहिजे होतं."

माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. कशाला? रूपासमोर मोठेपणा दाखवायला, दुसरं काय. रूपानं माझ्याकडं बघितलं आन मान खाली घातली.

गीताबाईनं पुस्तकातला नंबर वाचला, एकेक आकडा. दोन, आठ, चार, सात, एक, शून्य, तीन. मी आत गेले, वही काढली. बोट ठेवून बघितलं. सातच्या सात आकडे तेच.

वही घेऊन मी बाहेर येतच होते. देवाशपथ येत होते. चौकटीत आले, ह्यांच्या तोंडासमोर, तीन हातावर. तर हे म्हणतात, "रूपा, ताईला पाणी दे. आवडा बाहेर गेली वाटतं." माझ्याकडं तोंड करून! माझ्या घरात, मी उभी असताना, पाहुणीला पाणी रूपानं द्यायचं? मी मागच्या पावली गेले आन वही होती तिथं ठेवली.

जाताना गीताबाई पिट्ठूवर हात ठेवून म्हणली, "नंबर असता तर छातीशी धरून नेला असता. दुसऱ्या कोणाच्या बापाचा नेला तर त्या घरची पोर शोधत बसल." रिकाम्या हातानं गेली. बाहेर पोरं झेंडे घेऊन ओरडत होती.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस भाकरी गोड लागेना. तीनदा वही काढली, तीनदा ठेवली. अमृताला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं, फक्त नंबराचं मी सांगितलं नाय. म्हणली, "आई, तुला नक्की पाहिजे तरी काय?"

"मला? मला काय नको."

फोन ठेवला तवा ध्यानात आलं काय पाहिजे ते. बाकड्यावरची ती जागा. उजव्या हाताची.

३० जानेवारी, गुरुवार

आज मी बाजारात मागं मागं गेले. रिक्षा केली, पदर डोक्यावरून घेतला. छावणीच्या बाजारात एवढी गर्दी, तरी ते दोघं लगेच दिसले. रूपाच्या खांद्याला एक पिट्ठू, त्याचा मागं लोंबणारा पट्टा, आन त्या पट्ट्याचं टोक ह्यांच्या मुठीत. भर बाजारात! सगळी छावणी बघत होती. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, तिचा चुरा झाला. ठरवलं, आज दोघांना इथंच उभं करायचं, होऊ दे तमाशा.

चार पावलांवर पोचले. तिथं नाली होती. रूपा म्हणली, "नाली, काका."

ह्यांनी पाय उचलला. लागत होता त्याच्याहून लई उंच. आन पलीकडं आधी टाच टेकवून बघितली, मग अंगाचा भार दिला.

"दगड," रूपा म्हणली. मग, "पायरी."

बापाचा पाय असाच उचलला जायचा.

मी होते तिथंच थांबले. शेळीवाला ओरडला, "ओ अम्मा, जरा बाजू हो जाव!" तरी मला हलता येईना. हे बन्सीच्या दुकानात खाली बसले, पिशव्यांच्या ढिगात दोन्ही हात घातले आन मान वर करून आभाळाकडं तोंड केलं. बाप पण धान्यात हात घालून असंच तोंड करायचा. निळी साडी. उलटा फोटो. वीस सुया. घाटीतली लाईन. आवडा बाहेर गेली वाटतं.

रडले नाय. राग आला. असा राग मला रूपा आली तवा पण आला नव्हता. डोळे गेले ते गेले, ते कोणाच्या हातात नाय. पण सांगितलं कोणाला? रूपाला! सगळ्या संभाजीनगरात आंधळं माणूस चालवायला माझ्याहून चांगलं कोणाला येतं? तिला तर येत पण नाय. मागं लोंबतं ठेवून ओढते, शेजारी घ्यायला पाहिजे. "नाली" म्हणते ते नाली आल्यावर, दोन पावलं आधी म्हणायला पाहिजे. उतारावर बोलतच नाय. एखाद्या दिवशी पाडल माझ्या नवऱ्याला.

२ फेब्रुवारी, रविवार

चिंध्यांच्या पिशवीतून ते ठिगळ काढलं. मेणाचा जाड दोरा घेतला, दुहेरी, आन ठिगळावर नंबर शिवला. फुगीर, टाक्याला टाका लावून, अंगठ्याला लागल असा. मग ठिगळ पिट्ठूला परत लावलं, निळ्या दोऱ्यानं, जुन्याच भोकातून. एक भोक नवीन पाडलं नाय. चाचपून बघा.

रूपा, ही वही तू वाचून दाखवायची आहे. पिट्ठूसोबत बाकड्यावर ठेवलीय. पहिल्या पानापासून वाच, एक अक्षर गाळू नको. तुझ्याबद्दल वाईट लिहिलंय ते पण मोठ्यानं वाच, मी लिहिलेलं मागं घेत नाय. चोवीस तारखेचं पान नीट ठेव, त्यावर माझ्या ओल्या हाताचा सोड्याचा डाग आहे. गीताबाईला फोन करून तेच पान दाखव, म्हणजे नंबर तिच्या तोंडून ऐकून लिहिला असं कोणाला वाटायचं नाय. काठी, कोयता आन गोल कुठलं अक्षर ते तिच्या पुस्तकात बघ. पिट्ठू तिला दे. सांग, सोड्यात मी घातला, काकांनी नाय. आन नंबर वहीत असून मी गप बसले ती भ्याले म्हून नाय, तुझ्यावर जळले म्हून, असं सांग. वैजापूरला जाऊन माफी मागायची तर ती मी मागते.

आता अहो, तुम्हाला.

सुया उद्यापासून मी ओवणार. उजव्या हाताला मी बसणार. रूपाची टीप सरळ आहे, तिनं डाव्या हाताला बसावं, माझी ना नाय. पट्ट्याचं टोक माझ्याकडं. हे मी विचारत नाय, हे ठरलंय.

विचारते ते एकच. मला का नाय सांगितलं? सहा महिने एक परकी बाई तुम्हाला पायरी दाखवते आन मी आत बसून तिला शिव्या घालते. असं मी तुम्हाला कधी काय बोलले होते, की तुम्ही माझ्यापासूनच हे चोरून ठेवलं? मी डोकं खाजवून खाजवून दमले, मला तर काय आठवत नाय.

गुरुवारी सहा तारीख आहे. बाजाराला निघायच्या आत उत्तर पाहिजे. सकाळी आठला मी चप्पल घालून दारात उभी असल, पट्टा हातात घेऊन. आपल्या दाराला तीन पायऱ्या आहेत. उत्तर दिल्याशिवाय मी पहिलीला पण "पायरी" म्हणणार नाय.